सोप्यातले पाव्हणे

कोल्हापुरातल्या आमच्या मंगळवार पेठेतल्या घराला सोपा आहे. दारातनं आत आलं की पहिली जागा ती. पाहुणा आला की त्याला सोप्यात बसवायचं, तांब्या-भांडं पुढं करायचं, मग चहा. टीव्हीही तिथंच, कोनाड्याशेजारी. त्यामुळं आमच्या आजीच्या लेखी टीव्हीवर मुलाखतीला बसलेला माणूस हा सोप्यात आलेला पाव्हणाच होता. माझ्या लहानपणी दूरदर्शनवर तबस्सुम यांचा 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' लागायचा. १९७२ साली मुंबई केंद्र सुरू झालं त्या काळातला तो कार्यक्रम, १९९३ पर्यंत चालला. आजीला हिंदी फारसं कळत नसे. ती पाहुण्याच्या पुढ्यातल्या टेबलाकडं बघायची आणि विचारायची, "ह्यास्नी च्या दिला का न्हाई कुणी?"

माणसाला घरी बोलवायचं, त्याच्या आईवडलांचं, गरिबीचं, लग्नाचं सगळं विचारायचं आणि कपभर चहा पुढं करायचा नाही, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

आजी जाऊन पंचवीस वर्षं झाली. सोपा तसाच आहे. आता तिथं आई बसते, गंगावेशीतनं आमची आत्ती येते आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातल्या काकू येतात. पुढ्यात निवडायला, सोलायला काहीतरी असतंच. थंडीत पावट्याच्या शेंगा, एरवी मेथी नाहीतर लसूण. हात चालू, डोळे टीव्हीवर आणि तोंडानं पाहुण्याची परीक्षा. नट, नटी, गायक, क्रिकेटपटू, पुढारी, कुणीही येऊ दे. पहिलं वाक्य ठरलेलं. "पिक्चर येतोय वाटतं हिचा." आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघतं. चित्रपट लागायच्या तोंडावर कलाकारांनी एकामागोमाग एक कार्यक्रमांना हजेरी लावायची हा आता प्रसिद्धीच्या कामाचाच भाग झालाय, आणि आईला ते कुणी न सांगता कळलेलं आहे. दुसरं वाक्य साडीवर किंवा केसांवर. तिसऱ्या वाक्यापासून पुढं जे चालतं, त्याबद्दल मला लिहायचंय.

माझा भाऊ या बोलण्याला चकाट्या पिटणं म्हणतो. मी कित्येक वर्षं उंबऱ्यात बसून ते ऐकतेय आणि माझं मत वेगळं झालंय. 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण आपण सासूच्या टोमण्यांसाठी वापरतो. पण ज्या घरात सरळ बोलायची सोय नसते, तिथं बोलायची ती एक रीत आहे. आमच्या सोप्यात ती लेक म्हणजे टीव्हीतला पाव्हणा. त्याला काय बोललं जातं याकडं कान दिला, की बोलणाऱ्याच्या घरात काय चाललंय ते ऐकू येतं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. एक अभिनेत्री आली होती, पन्नाशीच्या आसपासची. मुलाखत घेणाऱ्यानं घटस्फोटाचं विचारलं. आत्तीनं लगेच सुरू केलं, "ह्या लोकांचं काय, आज एक उद्या एक." नटी सांगत होती की पहिली दोन वर्षं तिनं आईला काहीच कळू दिलं नाही. सणाला एकटी माहेरी जायची आणि 'ते कामाला बाहेरगावी गेलेत' म्हणायची.

काकूंचे हात थांबले. अंगठा पावट्याच्या शेंगेच्या शिरेत गेलेला, शेंग अर्धी उघडलेली, आतले दोन दाणे दिसतायत, आणि ती तशीच हातात. काकूंची मधली लेक त्या वर्षी दिवाळीला एकटीच आली होती, संक्रांतीलाही एकटीच. जावयांना कंपनीनं बाहेर पाठवलंय असं आम्हाला सांगितलं गेलं होतं आणि आम्ही ते तसंच घेतलं होतं. काकू टीव्हीकडं बघतच म्हणाल्या, "आईला कळतंय गं सगळं. लेक कधी सांगती याची वाट बघत असती ती."

आई मेथीची जुडी सोडत म्हणाली, "मग आईनं विचारावं की."

"विचारलं की लेकरू जास्तच मिटतंय."

"मग न विचारता नुसतं शेजारी बसावं."

एवढं सगळं टीव्हीकडं तोंड करून. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं नाही. आत्ती, जी कधी गप्प बसत नाही, तीही गप्प. जाहिराती लागल्या तरी कुणी आवाज कमी केला नाही. पंधरा दिवसांनी काकूंनी आईला सगळं सरळ सांगितलं म्हणे; मी त्या दिवशी घरी नव्हते. त्या नटीचं नाव आज काकूंना विचारलं तर आठवणार नाही कदाचित. पण त्या दिवशी ती सोप्यात येऊन बसली नसती, तर काकूंना ते पहिलं वाक्य कुठं ठेवता आलं असतं, मला माहीत नाही.

आत्तीचं मात्र मला कायम खटकायचं. आमच्याकडं पाहुण्याला मिळणारा सगळ्यात मोठा मान म्हणजे "साधी आहे हो." पुरुषाला तो स्वस्तात मिळतो. गावाकडची एक आठवण सांगितली, आईच्या हातच्या भाकरीचं नाव काढलं की झाला तो साधा. बाईला तो सहजी मिळत नाही. तिची साडी, तिचा रंग, हसताना दिसणारे दात, मुलं किती, स्वयंपाक येतो का, सगळं तपासून झाल्यावर आत्ती म्हणणार, "बरी आहे. पण लई नटते." साठीतल्या नटानं केस काळे केले तर "काय ठेवलंय बघ स्वतःला" आणि चाळिशीतल्या नटीनं केले तर "वय लपवती." हे अन्यायाचं आहे असं मी सोप्यात बऱ्याचदा बोलले. आत्ती माझ्याकडं न बघता म्हणायची, "तुला काय कळतंय त्यातलं. मी बघितलोय ह्या लोकांस्नी."

आत्ती जुन्या कोल्हापुरी बायकांसारखी 'मी आलो, मी बघितलो' असंच बोलते. आणि 'बघितलोय' हे खरं होतं. आमच्या गावाला सिनेमा नवा नाही. बाबूराव पेंटर इथले. 'प्रभात' फिल्म कंपनी १९२९ साली इथंच उभी राहिली आणि १९३३ साली पुण्याला गेली. त्यानंतरही जयप्रभा स्टुडिओत भालजी पेंढारकर चित्रपट करत राहिले. पेठांतल्या लोकांना नट म्हणजे पडद्यावरचं माणूस नव्हतंच. तो सकाळी रस्त्यात भेटायचा. ऐतिहासिक चित्रपटात मावळे लागले की तालमीतली पोरं जायची, घोडी लागली की घोडी जायची. आत्तीचे सासरे स्वतः दोन-तीनदा घोड्यावर बसून आले होते आणि ते त्यांनी मरेपर्यंत सांगितलं.

जून २०२३ मध्ये अभिनेत्री सुलोचनादीदी गेल्या. त्या आठवड्यात त्यांच्या जुन्या मुलाखती सगळीकडं दाखवत होते. जयप्रभात भालजींच्या हाताखाली घडलेली बाई, म्हणजे आमच्या गावानं आपलीच मानलेली. पांढऱ्या केसांच्या दीदी शांतपणे बोलत होत्या आणि आत्ती शेंग न सोलता, मेथी न निवडता बघत होती. मला वाटलं, आता 'साधी आहे हो' येणार. ते आलं नाही. आत्ती म्हणाली, "मीबी गेलो असतो."

मग कळलं. चौदा वर्षांची असताना तिला आणि शेजारच्या दोन पोरींना जयप्रभात गर्दीच्या प्रसंगात उभं राहायला बोलावलं होतं. डोक्यावर घागर घेऊन पाणवठ्यावरनं यायचं, एवढंच काम. शेजारच्या पोरी गेल्या. हिनं आईचं नऊवारी नेसून घागरही घासून ठेवली होती. आजोबांनी हिला उंबऱ्यातच अडवलं, लुगडं सोडायला लावलं आणि त्या दिवसापासून शाळेशिवाय बाहेर पाठवलं नाही. पुढल्या वर्षी शाळाही बंद. हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं, बाबांनाही नसावं. जवळपास साठ वर्षं आत्ती नट्यांना नावं ठेवत आली आणि मी तिला त्यावरनं बोलत राहिले. त्यानंतरही ती नावं ठेवतेच. अन्याय तो अन्यायच, हे माझं म्हणणंही मी सोडलेलं नाही. फक्त आता ती 'लई नटते' म्हणाली की मला घासून चकचकीत केलेली ती घागर दिसते.

पुरुषांचा सोपा म्हणजे सलून. तिथलं मला भावाकडनं कळतं. जानेवारी २०१९ मध्ये 'कॉफी विथ करण'मध्ये हार्दिक पांड्या आणि के. एल. राहुल आले होते, तो भाग लागला आणि हार्दिक मुलींबद्दल जे बोलला त्यावरनं देशभर गहजब झाला. क्रिकेट मंडळानं दोघांना निलंबित करून ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावरनं परत बोलावलं, पुढं प्रत्येकी २० लाखांचा दंड झाला. आमच्या तालमीजवळच्या सलूनात पोरं मोबाईलवर ते तुकडे बघत हसत होती. "मर्दा, खरं बोलला की," असं चाललेलं. ज्यांच्याकडं भाऊ वीस वर्षं दाढी करतो ते सलूनवाले काका वस्तरा हवेत धरून थांबले आणि म्हणाले, "माझ्या दोन पोरी कॉलेजला जातात. बसनं जातात." एवढंच. मग पुन्हा दाढी सुरू. भाऊ सांगतो की हसणं थांबलं, आणि त्यातल्या एका पोरानं मोबाईल खिशात घातला. या काकांना क्रिकेटचं वेड आहे, हार्दिकची फलंदाजी त्यांना अजून आवडते. पण तो विषय निघाला तेव्हा त्यांना गिऱ्हाइकांना जे कधी तोंडावर सांगता आलं नव्हतं, ते सांगून झालं.

पाहुणा प्रसिद्ध असेल तरच हे जमतं, असं मला आता वाटतं. ६ मे २०१२ ला, रविवारी सकाळी, 'सत्यमेव जयते'चा पहिला भाग लागला. विषय स्त्रीभ्रूणहत्येचा. समोर बसलेल्या बायका साध्या घरांतल्या होत्या, आपापलं भोगलेलं सांगत होत्या. आमच्या जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं ८३९ मुली होत्या, शाहू महाराजांच्या जिल्ह्यात. सोपा त्या दिवशी भरलेला होता, सुट्टी होती, पाहुणेही होते. एकही माणूस बोललं नाही. कार्यक्रम संपल्यावर आई उठून आत गेली, काकू "येते" न म्हणता गेल्या. नट्या आल्या की ज्या बायका तासभर बोलतात, त्यांच्याकडं त्या दिवशी शब्द नव्हता. समोरची बाई आपल्याचसारखी असली की आड लपायला जागाच राहत नाही. पाहुणी लखलखती असावी लागते, तिच्या साडीबद्दल बोलता बोलता मग आपलं बोलता येतं.

आणि पाहुणा कोल्हापूरचाच असेल तर? तेव्हा परीक्षा राहत नाही, वरात निघते. १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेतलं, तेव्हा राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी सगळ्या वाहिन्यांवर. त्याच्या आईवडलांच्या मुलाखती आई उभी राहून बघत होती. का उभी राहिलीस म्हटलं तर म्हणाली, "त्यांच्या दारात एवढी माणसं आल्यात, बसायला सवड हाय का त्यांना?"

आता माझं स्वतःचं. हे मी फार कुणाला सांगितलेलं नाही.

बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. माझी एक कॉलेजमधली मैत्रीण मुंबईत अशा कार्यक्रमांच्या निर्मितीत काम करायची. तिनं प्रेक्षकांत बसायला बोलावलं. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघाले, सकाळी मुंबई. अंगात हिरवी साडी, कारण मैत्रिणीनं बजावलं होतं की पांढरं नको आणि बारीक रेघांचं तर अजिबात नको, कॅमेऱ्यात ते थरथरतं. दारातच मोबाईल जमा करून घेतले. आत थंडी एवढी की लोक पदर, ओढण्या गळ्याभोवती गुंडाळून बसलेले. दिव्यांची आणि यंत्रांची उष्णता मारायला तेवढं गार ठेवावं लागतं, हे मागनं कळलं. चमकदार रंगांचे कपडे घातलेल्यांना पुढं बसवलं, मला दुसऱ्या रांगेत.

पाहुणा म्हणजे एक ज्येष्ठ नट. तो यायला उशीर होता. कानाला यंत्र लावलेला एक तरुण पुढं आला. तोच फ्लोअर मॅनेजर. तो म्हणाला, तोवर आपण तुमच्या प्रतिक्रिया घेऊन टाकू. मला कळेना, कशावरच्या प्रतिक्रिया? व्यासपीठावर दोन रिकाम्या खुर्च्या आणि मध्ये टेबलावर दोन मग. तो म्हणाला, आता सगळ्यांनी टाळ्या. वाजवल्या. आता हसा, कुणीतरी भारी विनोद केलाय असं समजा. हसलो. कॅमेरा रांगेवरनं फिरत होता. मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "आता जरा गंभीर. पाहुणे काहीतरी दुःखाचं सांगतायत. मनात काहीही आणा."

मनात काहीही आणा म्हणाला आणि माझ्या मनात दवाखान्याचा जिना आला. बाबांचा शेवटचा आठवडा. लिफ्ट बंद होती म्हणून मी औषधांची पिशवी घेऊन दिवसातनं सात-आठ वेळा तो जिना चढत होते. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर एक खिडकी होती, तिथं थांबून मी तोंड पुसायची, मग आत जायची, बाबांना दिसू नये म्हणून. तेरावं झालं, वर्षश्राद्ध झालं, पण मी रडले नव्हते. सगळं करायचं माझ्यावर होतं. आणि इथं गार पडलेल्या स्टुडिओत, समोर दोन रिकाम्या खुर्च्या असताना, मला रडू आलं. आवरेना. शेजारच्या अनोळखी बाईनं माझ्या हातावर हात ठेवला. फ्लोअर मॅनेजर लांबनं म्हणाला, "छान, छान, थँक्यू," आणि कॅमेरा पुढं गेला.

नट दीड तासानं आले. साडेतीन तास बोलले, फार चांगलं बोलले. चित्रीकरण संपल्यावर व्यासपीठाजवळनं जाताना मी मगात डोकावून पाहिलं. दोन्ही कोरडे होते. आजीला सांगायला हवं होतं.

पुढल्या महिन्यात तो भाग लागला. सोप्यात सगळे जमलेले, मला बघायला. साडेतीन तासांचं पाऊण तास झालं होतं. नट आपल्या वडलांच्या शेवटच्या दिवसांचं सांगत होते, आणि तेवढ्यात पडद्यावर मी. हिरवी साडी, डोळ्यांतनं पाणी, हातावर त्या बाईचा हात. दोन-तीन सेकंद असेल. सोपा एकदम शांत झाला. आईनं माझ्याकडं पाहिलं नाही. टीव्हीकडं बघतच म्हणाली, "बाबांची आठवण आली व्हय गं तुला?"

मी "हं" म्हटलं.

त्या रात्री आई माझ्या शेजारी येऊन झोपली. बाबा गेल्यापासून आम्ही दोघी त्यांच्याबद्दल कामापुरतंच बोललो होतो: पेन्शनचे कागद, बँकेतलं नाव, फोटोची चौकट. त्या रात्री तिनं पहिल्यांदा विचारलं की शेवटच्या दिवशी ते काही बोलले का. मी सांगितलं. जिन्यावरच्या खिडकीचंही सांगितलं. ती म्हणाली, "मला ठाव होतं. तू आत यायचीस तेव्हा तोंड ओलं असायचं, न्हवं?"

पण तो नट तेव्हा तिथं नव्हताच, मी रडले ते रिकाम्या खुर्च्यांपुढं, हे मी तिला सांगितलं नाही. कित्येक वर्षं तेवढं माझ्या मनाला लागून राहिलं होतं. आपण आईला फसवलं असं वाटायचं. यंदा गौरीच्या दुसऱ्या दिवशी भाच्यानं तो जुना भाग मोबाईलवर शोधून काढला आणि टीव्हीला जोडून दिला. आत्ती होती, काकू होत्या. माझा चेहरा आला आणि आई म्हणाली, "हितं थांबव." भाच्यानं थांबवलं. पडद्यावर मी, तेव्हाची, केस काळे. मग मात्र मी सांगून टाकलं. सगळं, फ्लोअर मॅनेजर काय म्हणाला तेही.

आईनं ऐकून घेतलं. हातातली सुपारी अडकित्त्यात तशीच होती. "मग काय झालं?" ती म्हणाली. "रडलीस ती बाबांसाठीच न्हवं?"

"व्हय."

"मग झालं तर." अडकित्ता कट्कन मिटला. ती थोडा वेळ पडद्याकडं बघत राहिली, मग आत्तीकडं वळून म्हणाली, "ती शेजारची बाई कोण हो वन्सं? कुठली असंल? चांगल्या घरची दिसती."

आत्ती पुढं वाकली, चष्मा सावरला, त्या अनोळखी हाताकडं नीट पाहिलं आणि म्हणाली, "साधी आहे." मग भाच्याला म्हणाली, "आता सोड पुढं. पाव्हणा मघापासनं तोंड उघडून बसलाय, काय म्हणतोय ते तरी ऐकू दे."